खालून बघणारे घरमालक

अगो, अशी जवळ सरक. पत्र आहे म्हणून लांबून वाचायचं असं कुणी सांगितलंय? मागच्या चतुर्थीला आलीस ती एक पाय उंबऱ्यावर, एक पाय गाडीत. मोदक डब्यात भरून दिले तर डबाच विसरलीस. कुत्र्याने खाल्ले, त्याला आवडले. आणि आता फोनवर सांगतेस, जुन्या माणसांविषयी काहीतरी लिहून पाठव. जुन्या माणसापाशी तासभर बसायला तुला होत नाही, पण लिहून मात्र हवं. बरं, लिहिते. चष्मा सापडलाय, पेज निवते आहे, तेवढ्यात होईल तेवढं.

मी लिहायला कुठे शिकले, ते तुला माहीत नाही. तुला वाटत असेल, आजोबा मास्तर होते, त्यांनी शिकवलं असेल. छे. ह्यांना चाळीस पोरांना ओरडून घरी आल्यावर एकेचाळिसाव्याला शिकवायचा धीर नव्हता. माहेरी मला दुसरीतून काढलं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला. मला लिहायला शिकवलं आमच्या घरमालकांनी, आणि तेसुद्धा मोटारीच्या खाली झोपून.

लग्न होऊन चारच महिने झाले होते तेव्हा ह्यांची बदली मालवणला झाली. सामान बैलगाडीत घालून आम्ही बंदराकडच्या वाटेवरच्या त्या घरापाशी आलो. दोन खोल्या भाड्याने मिळणार असं कळलं होतं. घरमालक बाहेर आले. पंचा, खांद्यावर एक सुतळीचा गुंडा, कपाळाला काळं वंगण. आम्ही नमस्कार केला. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. सरळ खाली बसले, मग आडवे झाले, आणि बैलगाडीच्या खाली सरपटत गेले. नुसते पाय बाहेर. गाडीवान खाली वाकून बघतो, बैल मान वळवून बघतात, आणि खालून आवाज येतो, "आख बदललेलो आसा हेचो. पयलो आख शिवणीचो होतो. हो फणसाचो."

गाडीवान चिडला. "तुमका घर देवचा आसा की गाडी विकत घेवची आसा?"

"गाडी घेवन काय करू? म्हायती आसलेली बरी."

मग बाहेर आले, मातीचे हात झटकले आणि ह्यांना म्हणाले, "ऱ्हवा. खोली देतंय." भाड्याचं दुसऱ्या दिवशी वयनींनी सांगितलं.

वयनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. घरात ही दोघंच. घरमालकांना आम्ही काका म्हणू लागलो, त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. ते तिला वयनी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच वयनी म्हणे. उंच, सडसडीत बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बांगडे साफ करताना तिची सुरी बघावी, शिंप्याची कात्री काय चालेल अशी. तिने पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं, "आमचे भावजी वायच वेगळे आसत. तुजे खाटयेखाल गेले तर भियां नको. विचारून जातत."

आता ते खाली का जात, ते नीट ऐक, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

काका तरुणपणी बेळगावला मोटारींच्या कारखान्यात होते. तेव्हा एक काळी अमेरिकन मोटार सगळीकडे चाले. उंच चाकांची, समोर दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. कंपनीने ती वीस-एक वर्षं बनवली, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी वर्षं सारखीच. पण काका म्हणत, खालून बघ. खाली तिचा लोखंडी सांगाडा असतो, त्याला चासी म्हणतात. दोन उभे दांडे, त्यांना जोडणारे आडवे. ती चासी कंपनी गुपचूप बदलत गेली. पहिल्या गाड्यांना मागचा आडवा आखूड होता. मग वरची पेटी बसायची कशावर? म्हणून दांड्यांना बाहेरून ठोकलेले लोखंडी कान असत, रिबिट, म्हणजे टोक ठोकून चपटं केलेले खिळे, मारून बसवलेले. पुढे मागचा आडवाच लांब केला, कान गेले. आणखी पुढे पायदानाखालचा टेकूसुद्धा बदलला, आधी घडीव लोखंड आणि गज, मग नुसता दाबलेला पत्रा. म्हणून पयलो, मधलो, शेवटचो. आणि चासीवर नंबर नसे. नंबर इंजिनावर. इंजिन गेलं की ती गाडी कुठली, केव्हाची, हे सांगणारे रिबिट आणि कान, एवढंच.

हे सगळं त्यांनी मला आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर शिकवलं. दोन शेगटाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा उभ्या, एक आडवी, कानांच्या जागी कोकमाची चार सोलं. मी मन लावून बघत होते. वयनी आली, खाली वाकली आणि सगळी चासी उचलून घेऊन गेली.

"वयनी, ती पयली होती."

"आता आमटी होतली."

तर अशा त्या मोटारी आमच्या मुलखात आल्या, सर्व्हिसला चालल्या, म्हाताऱ्या झाल्या, मेल्या. पण कोकणातला माणूस लोखंड टाकतो कुठे? वरचं सगळं गंजून गेलं तरी चासी उरली. कुणी तिचं काजूच्या बागेचं फाटक केलं. कुणी तिच्यावर चटई टाकून बांगडे सुकवले. कुणी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, आडवी टाकून पलीकडे जायला साकव केला. आणि काकांनी ठरवलेलं होतं की जिल्ह्यातली एकूण एक चासी बघायची. अमुक गावात एक लोखंडी सांगाडा आहे असं कळलं की दुसऱ्या दिवशी पंचा, सुतळी आणि वयनीने बांधलेली भाकरी घेऊन निघालेच.

डोळ्यांना जवळचं दिसेनासं झालं तसं लिहून घ्यायला माणूस हवं झालं. मला म्हणाले, "मास्तरीण, चल." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. "मगे बराच झाला. चुकीचा कायच येणा नाय तुका." सुकत्या बांगड्यांच्या खाली मी 'क' शिकले, कारण 'कान' लिहायचे होते. 'ळ' मला पुष्कळ उशिरा आला, मोटारीत कुठे लागतच नव्हता.

एक लग्न सांगते. मुलीकडच्यांनी मांडवात नवरानवरीला उभं करायला एक उंचवटा केला होता, फळ्यांचा. फळ्या कशावर टाकल्यात ते काकांनी जेवणाच्या पंगतीतूनच हेरलं. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरलेला. भटजींचा सूर लागलेला. आणि नवऱ्याच्या पायांमधल्या फटीतून एक काळा हात वर आला, चाचपडला, आत गेला. मग जमिनीतून आवाज आला, "पाटलो आडवो लांब आसा. मधलो."

भटजी थांबले. नवरा होता तिघा भावांतला थोरला. मुलीचा मामा हळूच शेजारच्याला विचारतो, "मधलो? माका थोरलो म्हणान सांगितलेलो." त्या एका शब्दावरून दोन घरांत पुढे वर्षभर बोलणं नव्हतं. काकांना त्याचं काही नाही. मला म्हणाले, "लिवलंस?"

लोक हसत. पोरं त्यांच्यामागून सरपटायचा खेळ खेळत. ह्यांनासुद्धा शाळेत विचारत, गुरुजी, तुमची मंडळी कुणाच्या गाडीखाली गेली आज? हे घरी येऊन तोंड पाडून बसत. मी जाणं सोडलं नाही. का, ते सांगते.

काकांचा थोरला भाऊ, म्हणजे वयनीचा नवरा, याच्याकडे अशीच काळी मोटार होती. पहिल्यातली, कानांची. सावंतवाडीहून बेळगावला आंबोलीच्या घाटातून माणसं न्यायचा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या पावसात तो एकटाच वर गेला आणि परत आला नाही. गाडीही नाही, माणूसही नाही. घाटात तेव्हा आठ आठ दिवस हाताला हात दिसत नसे. लोकांनी ठरवून टाकलं, दरीत गेला. शोधायला गेलेली माणसं धुक्यातून पायवाट चुकून चौथ्या दिवशी घरी आली.

नात्यातल्या बायका वयनीला सांगायला आल्या, आता कुंकू पूस. वयनी सुपारी कातरत होती. म्हणाली, "मोटार दाखवा. मोडलेली दाखवा. मगे पुसतंय." झालं. तेव्हापासून तो विषय घरात तिच्यापुढे कुणी काढला नाही. एवढंच की काका कुठल्याही चासीखालून घरी आले की ती विचारी, "गावलो?" ते म्हणत, "नाय." ती म्हणे, "बरां," आणि पाय धुवायला पाणी देई.

मला वाटायचं, भावाच्या मायेने शोधतात. अर्धंच खरं होतं. बाकीचं त्यांनी मला एका दुपारी देवगडकडे एका फाटकाखाली सांगितलं. खाली झोपलं की त्यांना बोलता येई, उभ्याने नाही.

भाऊ गेला त्याच्या आदल्या दिवशी गाडीच्या डाव्या दांड्याला चीर दिसली होती. पट्टी लावून रिबिट मारायला हवे होते. लोखंडी रिबिट बेळगावहून यायला चार दिवस. भावाला घाई. तेव्हा काका बंदरावर गेले, होडीच्या सुतारांकडे. आमच्याकडे होडीला तांब्याचे खिळे मारतात, खाऱ्या पाण्यात ते टिकतात. ते पाच खिळे आणून काकांनी पट्टीला मारले, टोकं ठोकून चपटी केली. होडीत चालतं ते मोटारीत का चालू नये, असा तो हिशेब.

"मागीर कारखान्यातले सगळे हसले," काका म्हणाले. "तांबां मऊ. तांबां नी लोखंड एकत्र आला की लोखंड कुसता. घाटात ती पट्टी सुटली आसतली गो. मीच मारलंय तेका."

वर फाटकाची कडी वाऱ्याने वाजत होती. मी विचारलं, वयनीला ठाऊक आहे?

"तिका काय सांगू? कुकू पूस, नी माजा नाव घे?"

तेव्हा मला कळलं की दरीतून कुणी लोखंड काढून आणलं असेल म्हणून हा माणूस जिल्हाभर पाच हिरवे ठिपके शोधत फिरतोय. तांब्यावर हिरवं चढतं ना, ते. मिळाले तर वयनीचं कुंकू जाणार, न मिळाले तर काकांची झोप. म्हणून मी जाणं सोडलं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कळलं की कसालच्या अलीकडे एका काजूवाल्याच्या बागेत व्हाळावर चासीचा साकव आहे. व्हाळ सुकलेला, म्हणजे खाली जाता येईल. लाल गाडीने गेलो. बागवाला भला माणूस. आमचं काम ऐकून त्याने बायकोकडे बघितलं, तिने आम्हाला आधी गूळपाणी दिलं. वेड्या माणसाला आधी गोड द्यावं असं तिला वाटलं असेल.

"माज्या बापाशीन घेतलेलो," तो सांगू लागला. "आख्खी मोटार होती. एक पावसात एकजण चालवीत घेवन इलो. नुसतो चिखल. म्हणालो, घाट उतारलंय, आता ही नको माका. तेच्या वांगडा, सोबतीक, एक बायल होती, मांडयेर पेटी घेवन. वाजवची पेटी. माजी आवस म्हणा, तिणा पावसात बसान दोन पदां म्हटल्यान आणि मगे दोघांय चलत गोव्याच्या वाटेक लागली."

काका ऐकत होते की नव्हते, कळलं नाही. ते व्हाळात उतरले होते. सुतळीचं एक टोक धरायला मला बोलावलं. मी नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून खाली शिरले. वर पोफळीच्या फळ्या, त्यांच्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर. आणि डोळ्यांपुढे दांड्याला बाहेर आलेले कान. त्यांच्याखालीच दगड रचून साकव बसवला होता. मागचा आडवा आखूड. पहिल्यातली चासी. दांडे सरळ, शेवग्याच्या शेंगेलाही बाक असतो, यांना तेवढाही नाही. दरीत गेलेल्या गाडीचे दांडे असे राहत नाहीत, हे एवढ्या वर्षांत मलाही समजत होतं.

काकांनी डाव्या दांड्यावरून बोटं फिरवली. माती पडली. पट्टी. पाच ठिपके, कोवळ्या पोपटाच्या रंगाचे.

कितीतरी वेळ त्यांनी अंगठ्याने ती पट्टी दाबून धरली. जसं एखाद्याच्या जखमेवर धरावं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरून ऱ्हवली गो. बारा वर्सां. वरसून माणसां चलतत, बैल चलतत. निसाटली नाय."

मला वाटलं आता ते रडतील, नाहीतर हसतील. त्यांनी बोटाला लागलेलं हिरवं पंच्याला पुसलं आणि मोठ्याने, बागवाल्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "लिव, मास्तरीण. पाटलो आडवो लांब. कान नाय. रिबिट लोखंडी. शेवटचो."

मी त्यांच्याकडे बघितलं. कान माझ्या नाकापासून वीतभर होता.

"लिव गो."

मी लिहिलं. कान नाही, असं, कानाखाली झोपून लिहिलं. लिहायला शिकल्यापासूनचं माझं पहिलं खोटं ते.

बाहेर आलो तर बागवाला विचारतो, "गावली तुमची?"

"नाय," काका म्हणाले. "ही लय मागाहूनची. पण साकव बरो आसा. मोडू नको कधी."

परतीची गाडी धरली. मोटार असो, बैलगाडी असो, ते नेहमी खाली मान घालून तळ कसा वाजतो ते ऐकत. त्या दिवशी खिडकीतून वर बघत बसले होते. माडांचे शेंडे, कावळे. हे काय पहिल्यांदाच दिसतंय, अशा नजरेने.

घरी वयनी मागच्या पडवीत मासे साफ करत होती. हात न थांबवता विचारलं, "गावलो?"

"नाय."

"कसो होतो?"

हे तिने आधी कधी विचारलं नव्हतं. काका गडबडले. "शेवटचो. कान नाय."

तिने सुरी ठेवली. माझ्याकडे वळली. "खरां गो?"

मी वही पुढे केली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने ओला हात पदराला पुसून माझ्या अक्षरांवरून बोट नेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग माझ्या कासोट्याला लागलेली माती बघितली. मग काकांचा पंचा. त्यावर हिरवट पुसट डाग होता. मी तो बघितला आणि ती बघतेय हेही बघितलं.

"बरां," वयनी म्हणाली. "पाय धुवा. माशांचा तिकला करतंय, ताजा आसा तवसर खावा."

आता तू म्हणशील, संपलं. तुम्हा पोरींना संपायची फार घाई. खरी गंमत पुढेच आहे.

काकांनी शोधणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर वयनीला कळलं असतं ना, की गावली, आणि नवरा दरीत नाही, पेटीवालीबरोबर गोव्याला गेला. म्हणून पुढची दहा-बारा वर्षं, जे नाही ते शोधायला, तो माणूस जिल्हाभर सरपटत राहिला. आणि पूर्वी कामापुरता सरपटायचा, तो आता जास्तच. चासीची शक्यताही नाही अशा ठिकाणी जाऊ लागले. मतदानाच्या दिवशी पेटी ठेवलेल्या टेबलाखाली गेले, तर शिपायाने पाय धरून ओढून काढलं. नव्या कोऱ्या लाल गाडीखाली शिरले आणि गाडी पंधरा मिनिटं उशिरा सुटली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकीट वर बसायचं असतं." काका खालून म्हणाले, "हेका कान नाय." दशावताराच्या खेळात राजाच्या सिंहासनाखाली सापडले तेव्हा राजाने गाणं न थांबवता पायाने त्यांना हळूच मागे सारलं. लोकांना वाटलं तो खेळातलाच भाग.

आणि मी वही घेऊन बरोबर. सगळं लिहायचे. टेबल, कान नाही. सिंहासन, कान नाही, रिबिट नाहीत, खिळे. एव्हाना 'ळ'सुद्धा छान यायला लागला होता.

वयनी रोज भाकरी बांधून देई. "गावलो?" "नाय." "बरां." पाय धुवायला पाणी. मला कधीकधी वाटायचं, या दोघांना ओरडून सांगावं की पुरे झालं आता. पण त्यांच्या त्या तीन शब्दांत माझं काय काम? एका पावसाळ्यात काका तापाने पडले. आठ दिवस कुठे गेले नाहीत. तर नवव्या दिवशी वयनीच त्यांना म्हणाली, "भावजी, आंगवळणी काम सोडू नये. परसातल्या मांगरात खाट आसा, तेच्याखाल तरी जावन येवा." ते काठी टेकत गेले. आले. तिने विचारलं. त्यांनी सांगितलं.

काका गेले ते पाठीवर झोपूनच, डोळे वरच्या कौलांकडे. त्यानंतर महिनाभराने वयनी माझ्याकडे आली. नीट नेसलेली, कपाळावर तेच कुंकू. म्हणाली, "मास्तरणी, माका तो कसालचो साकव दाखय."

मी विचारलं नाही कुठला. ह्यांना जेवण वाढून ठेवलं आणि निघाले.

पावसाचे दिवस, व्हाळाला पाणी. खाली जायचा प्रश्नच नव्हता. वयनी काठावर उभी राहिली. मग चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि साकवावरून चालत गेली. तीन पावलांचा तर साकव. मधल्या पावलाला थांबली. टाच आपटली, एकदा, दोनदा. खालचं लोखंड जडसं वाजलं. पलीकडे गेली, वळली, परत आली. चपला घातल्या.

"घट आसा," म्हणाली. "भावजींचो हात." म्हणजे खिळ्यांचं तिला ठाऊक होतं. आणि गाडीच्या वाटेला लागली. मी मागून.

पुढे वीस वर्षं जगली. कुंकू शेवटपर्यंत रुपयाएवढं.

तर ती वही माझ्याकडे आहे, तांदळाच्या डब्याखाली. तुला द्यायची ठरवलीय, पण पोस्टाने मिळणार नाही. बागवाल्याच्या नातवाचा निरोप होता, पाऊस संपला की साकव काढून सिमेंटचा करणार आहेत. वहीतलं ते एक पान खोडून खरं लिहायचं म्हणते, पण खरं लिहायचं तर पुन्हा एकदा बघून लिहायला हवं, आणि माझे गुडघे आता खाली जाऊ देत नाहीत. जुने कपडे घेऊन ये. मी वर उभी राहून लिहीन, तू खाली झोपून सांग. मोदक पुन्हा करते, डबा या वेळी तुझ्या गळ्यातच बांधते. लवकर ये गो.